दार नंबर ५००१

शेजारच्या काकू सकाळी साडेसातला आमच्या ओसरीत आल्या त्या चपला न काढताच. हातात टीव्हीचा रिमोट. तो घरी ठेवून यायचंही त्यांना भान राहिलं नव्हतं. आई म्हणाली, या, बसा. काकू बसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या कॉम्प्युटरात आमच्या सासूबाई काय करायल्यात?"

त्यांच्या सासूबाई १९९६ साली गेल्या.

मी काय झालं असेल ते एका क्षणात ओळखलं आणि पोटात गोळा आला. चूक सगळी माझी होती. आदल्या रात्री मी आमच्या कॉम्प्युटरची फायरवॉल बंद केली होती. पाच मिनिटांसाठी म्हणून केली, आणि तशीच झोपले.

आमचं घर अंबडला. जुनं माळवदाचं घर, भिंती दोन-दोन हात रुंद, आणि वर नंतर चढवलेली एक माडी. कॉम्प्युटर माडीवर, कारण केबलवाल्याने फायबरची वायर तिथपर्यंतच आणली. राउटर जिन्यात. काकूंची आणि आमची एक भिंत सामाईक आहे. २०२० साली शाळा मोबाइलवर आली तेव्हा आईने त्यांच्या नातवांना आमच्या वायफायचा पासवर्ड दिला. तो परत काही कोणी मागितला नाही. मागायचा असतो का? पुढे त्यांच्या घरी स्मार्ट टीव्ही आला, तोही आमच्याच वायफायवर. लोणच्याची वाटी इकडून तिकडे जाते तसा हा पासवर्ड.

आता कॅसेटी. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९८५ साली कसला तरी फरक एकदम हातात आला, त्यातून ते जालन्याहून टू-इन-वन घेऊन आले. लोक त्यावर सिनेमाची गाणी ऐकायचे. आप्पांना त्यातलं रेकॉर्डचं बटण आवडलं. पुढची दहाएक वर्षं ते ज्याचा आवाज मिळेल तो भरून घेत सुटले. गावातली कीर्तनं, शाळेचं स्नेहसंमेलन, पोळ्याच्या दिवशीचा गलका, एका कॅसेटची अख्खी एक बाजू नुसता पत्र्यावरचा पाऊस. (दुष्काळात ऐकायला, असं ते सांगतात. २०१३च्या उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरच्या पाण्यावर दिवस निघत होते, तेव्हा त्यांनी ती खरंच लावली होती आणि आई चिडली होती.) आणि आजीच्या ओव्या. १९८७ साली आत्याचं लग्न ठरलं. गावात गिरणी होती, पण हळद जात्यावरच दळायची. गल्लीतल्या बाया जमल्या, आप्पांनी जात्याजवळ टू-इन-वन ठेवला आणि बायांनी लाजत, हसत, मग मशिनला विसरून जाऊन ओव्या म्हटल्या. काकूंच्या सासूबाई आजीच्या समोर बसलेल्या. खुंट्याला दोघींचे हात. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. ही कॅसेट नंबर १७.

ओव्यांचं मोठं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या आता 'पारी'च्या वेबसाइटवर कोणालाही वाचता-ऐकता येतात. मी हे आप्पांना एकदा उत्साहाने दाखवलं. म्हटलं, आपणही आजीच्या कुठेतरी टाकू. ते म्हणाले, "त्या बायांना विचारून घेतलंय. आपल्या बायांना कोण विचारणार आता?" विषय संपला.

एकूण एकेचाळीस कॅसेटी. २०२२च्या दिवाळीत सुट्टीला आले तेव्हा त्या कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. हे काम करून बघितलंय कोणी? कॅसेट तासाची असेल तर तासच लागतो. कॉपी-पेस्ट नाही. टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढायची, कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावायची, ऑडॅसिटी सुरू करायचं आणि ऐकत बसायचं. वेव्ह फाइल मिनिटाला साधारण दहा एमबी खाते, म्हणजे एका तासाच्या कॅसेटीला सहाशे. कॅसेटीच्या आत टेपला हेडवर दाबून धरणारा बुरशीइतका छोटा नमद्याचा तुकडा असतो, तो कित्येकांत गळून पडला होता. आप्पा शेजारी खुर्ची टाकून बसायचे, जुन्या फुटक्या कॅसेटीतले तुकडे चिमट्याने काढून नव्याने चिकटवायचे आणि वहीत नोंद करायचे. दिवाळीत चौदा झाल्या, बाकीच्या त्यांनी हिवाळाभर एकट्यांनी केल्या. मला रोज रात्री फोनवर आकडा सांगायचे. आज तेवीस. आज सव्वीस, पण बी बाजू गेली.

त्याच दिवाळीत मी कॉम्प्युटरवर एक मोफत मीडिया सर्व्हर टाकून ठेवला होता, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. जावावर चालणारा. तो टाकताना मी मध्येच खाली चहा आणायला गेले होते. हे लक्षात ठेवा.

२०२३च्या जूनमध्ये आप्पा न्हाणीत घसरले. खुब्याचं ऑपरेशन झालं. ते चालायला लागले, पण जिना कायमचा बंद. कॅसेटी माडीवर, आप्पा ओसरीत. ते काही बोलले नाहीत. आईच एकदा फोनवर म्हणाली, "संध्याकाळी जिन्याकडं बघत बसत्यात."

मी गौरीच्या सुट्टीला येताना पुण्याहून एक वायफाय स्पीकर आणला, जुना, साडेपाच हजाराचा. आता तुम्ही म्हणाल ब्लूटूथ का नाही. ब्लूटूथचा दम दहा मीटरचा, आणि तो मोकळ्यावर. आमच्या भिंतींनी तो पहिल्या पायरीवरच गिळला. मग पेनड्राइव्ह का नाही? करून बघितला. स्पीकरला पडदा नाही, एकेचाळीस कॅसेटींतली सतरावी लावायची तर सोळा वेळा बटण. आईने दोन दिवस दाबलं आणि मग पेनड्राइव्ह देव्हाऱ्यात ठेवून दिला. वायफायवर हे सोपं होतं: आईच्या मोबाइलवर यादी दिसणार, ती 'हळद' वर बोट ठेवणार, खाली ओसरीत आवाज येणार. निदान कागदावर तरी.

प्रत्यक्षात आईच्या मोबाइलवर यादी रिकामी. सर्व्हर चालू, माडीवर कॉम्प्युटरवर गाणी वाजतायत, स्पीकर वायफायला जोडलेला, त्याचा निळा दिवा लागलेला. आणि दोघांची ओळख नाही. मी सीएच्या ऑफिसात काम करते, हे माझं क्षेत्र नव्हे. तीन रात्री गेल्या. त्यात मला जे कळलं ते सांगते, कारण हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तीन रात्री वाचल्या असत्या.

आपल्याला वाटतं कॉम्प्युटर गाणं पाठवतो आणि स्पीकर घेतो. उलट आहे. स्पीकर मागायला येतो. आधी घरातल्या नेटवर्कवर एक हाळी घातली जाते, "गाणी असलेलं कोणी आहे का?" ही हाळी ठरलेल्या पत्त्यावर आणि ठरलेल्या दारावर पडते: पत्ता २३९.२५५.२५५.२५०, दार १९००. ज्याच्याकडे गाणी आहेत त्याने "मी आहे, माझ्याकडे अमुक दाराने ये" असं उत्तर द्यायचं. आमच्या सर्व्हरचं दार ५००१. मग मोबाइल त्या दाराशी जाऊन यादी मागतो, स्पीकरला सांगतो की जा, ही फाइल घे, आणि स्पीकर स्वतः ५००१ वर जाऊन गाणं घोटा-घोटाने घेऊन येतो. म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक वेळी बाहेरचं कोणीतरी दारात येऊन उभं आहे. आणि दारात येणाऱ्याला अडवणं हेच तर फायरवॉलचं काम. आतून बाहेर जाणाऱ्याला ती सहसा विचारत नाही, म्हणून आपलं यूट्यूब आणि सगळं विनातक्रार चालतं आणि फायरवॉल नावाची वस्तू घरात आहे हे वर्षानुवर्षं कळतही नाही.

पूर्वी ती बंदच यायची. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण चालू करायची तर ज्याची त्याने. २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा जगभर पसरला. तो कोणी काही न उघडता, नुसता उघड्या दारातून आत जायचा. त्यानंतर बरोबर वर्षभराने, ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजची फायरवॉल आपोआप चालू यायला लागली. जालना शहराला एके काळी तट होता. तट गेला, आता मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा नुसते मध्येच उभे, बाजूने ट्रक जातात. कॉम्प्युटरचं नेमकं उलटं झालं, तट नंतर आला आणि दारं एकेक करून पाडावी लागली.

हे सगळं वाचून मी ५००१ आणि १९०० साठी परवानगीचे नियम केले. तरी यादी रिकामी. पुन्हा केले. प्रोग्रामच्या नावाने केले, नंबराने केले, दोन्हीने केले. हिरव्या खुणांची रांग लागली. आणि स्पीकरचा निळा दिवा आपला शांत. तिसऱ्या रात्री अकरा वाजता मी वैतागून सगळी फायरवॉलच बंद केली. आईचा मोबाइल उघडला. यादी भरलेली. १७ वर बोट ठेवलं.

ओसरीतून आधी घरघर आली, मग आजी.

मी जिना उतरून खाली आले. आप्पा खाटेवर उठून बसले होते, अंधारातच. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आवाज कमी कर, शेजारी ऐकतील."

आवाज कमी केला. फायरवॉल सकाळी बघू म्हणून झोपले.

शेजारी ऐकतच होते. काकूंच्या नातवाला रात्री टीव्हीवर क्रिकेट लावायचं होतं. त्याने रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबलं, तर एचडीएमआय वगैरेच्या खाली एक नवीन नाव आलेलं: आप्पा-पीसी. पोरगा हुशार, आत शिरला. फोल्डर, फोल्डरात कॅसेटी, कॅसेटींना आप्पांनी दिलेली नावं. '१७ हळद, आजी व शेजारच्या बाई.' अशी यादी दिसल्यावर कोण थांबेल? त्याने लावलं, आणि आतल्या खोलीत मच्छरदाणी बांधत असलेल्या काकूंना सत्तावीस वर्षांपूर्वी गेलेल्या सासूचा आवाज ऐकू आला. टीव्हीतून.

एक स्पष्ट करायला हवं. फायरवॉल एक रात्र बंद राहिली म्हणून जगाच्या दुसऱ्या टोकाकडून कोणी आमच्या माडीवर सहज आलं नसतं. बाहेरून येणाऱ्याला घरातला राउटरच अडवतो. आतल्या कोणी बोलावल्याशिवाय तो कोणाला आतलं यंत्र दाखवत नाही. कॉम्प्युटरची स्वतःची फायरवॉल असते ती राउटरच्या आतल्यांसाठी. म्हणजे आमच्या बाबतीत आमच्यासाठी आणि काकूंसाठी. चार नातवंडांचे मोबाइल, त्यांत कुठून कुठून उतरवलेले गेम, पाहुण्यांचे मोबाइल, टीव्ही. दाराच्या आतच इतके जण होते आणि मी दारच काढून ठेवलं होतं.

काकू गेल्यावर (गेल्या म्हणजे चहा न घेता गेल्या) मी आप्पांना खरं सांगितलं. मला वाटलं ते हसतील. त्यांचा चेहरा उतरला. "बंद? रात्रभर? आन् पेन्शनचे कागद? तेबी त्याच्यातच हैत ना?" मी समजावलं की सर्व्हर फक्त कॅसेटींचं फोल्डर दाखवतो. ते ऐकेनात. "तुला कळत नसंल तर हात कामून लावावा?" आप्पा माझ्यावर असे शेवटचे कधी रागावले होते ते मला आठवत नाही. दहावीत नापास होता होता वाचले तेव्हाही नाही.

मी वर गेले, फायरवॉल चालू केली आणि या वेळी नियमांची यादी माझ्या नियमांपासून नाही, पहिल्यापासून वाचायला घेतली. शेकडो नियम असतात. निम्म्यांची नावं कोणालाही न कळणारी. 'ओ' पर्यंत आले आणि दोन ओळींपुढे लाल खूण. 'ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी.' एक टीसीपीसाठी, एक यूडीपीसाठी. दोन्ही: ब्लॉक. हे नाव जावाचं, म्हणजे आमच्या सर्व्हरचंच; मी तीन रात्री सर्व्हरचं नाव शोधत होते म्हणून दिसलं नाही. आणि विंडोजच्या फायरवॉलचा नियम असा आहे की 'येऊ दे' आणि 'येऊ नको' समोरासमोर आले तर 'येऊ नको' जिंकतो. माझ्या हिरव्या खुणा दहा असोत की शंभर.

हे लाल नियम आपोआप होतात. एखादा प्रोग्राम पहिल्यांदा दार उघडायला जातो तेव्हा विंडोज एक खिडकी समोर आणतं: अमुक अडवलं आहे, येऊ द्यायचं का? दोन बटणं, 'अलाऊ अॅक्सेस' आणि 'कॅन्सल'. आपल्याला वाटतं कॅन्सल म्हणजे आता नको, मग बघू. तसं नाही. कॅन्सल म्हणजे कायमचं नाही. त्या प्रोग्रामच्या नावाने दोन लाल नियम लिहिले जातात आणि पुन्हा कधी विचारलं जात नाही. माडीवरच्या माडीवर गाणी वाजतच होती, कारण कॉम्प्युटर स्वतःच्याच दारात स्वतःला अडवत नाही. म्हणून दहा-अकरा महिने कोणाला कळलं नाही.

मी खाली येऊन आप्पांना सहज विचारलं. दिवाळीत मी चहा आणायला गेले तेव्हा एक खिडकी आली होती का? मला वाटलं त्यांना आठवणार नाही.

"आली होती. मीच बंद केली," ते म्हणाले. "इंग्रजीत कायतरी भलतंच नाव होतं. आपल्या ओळखीचं नव्हतं. म्हणलं, नको."

मग थोडं थांबून, आई स्वयंपाकघरात आहे हे बघून, त्यांनी मला त्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. मोबाइलवर मेसेज आला होता: मागचं वीजबिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडलं जाईल, या नंबरवर बोला. आप्पांनी कधी एक दिवस उशिरा बिल भरलं नाही. म्हणूनच ते घाबरले. समोरचा माणूस नीट मराठीत बोलत होता, 'सर' म्हणत होता. त्याने एक अॅप उतरवायला लावलं. मोबाइलवर खिडकी आली, अलाऊ? त्यांनी दाबलं. पुन्हा आली. दाबलं. तिसऱ्यांदा आली. चोवीस हजार रुपये गेले. त्यांनी ना आईला सांगितलं, ना मला, ना पोलिसांत. अशा वेळी लगेच १९३० वर फोन करायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. असतं तरी केला असता असं मला वाटत नाही. "मास्तर होतो बाई मी," ते म्हणाले. "पोरांना शिकवायचो, सूचना पूर्ण वाचा मग उत्तर लिहा."

तेव्हापासून स्क्रीनवर जे विचारेल त्याला नको. दिवाळीत माझ्या खुर्चीत बसून त्यांनी 'कॅन्सल' दाबलं ते असं.

मला काही बोलता आलं नाही. मी तेवढ्यापुरतं म्हटलं की ते बरोबर होते, ओळखीचं नाव नसेल तर नकोच म्हणायचं. खोटं नव्हतं. पण माझ्या तीन रात्रींपेक्षा मला त्या पावसाळ्याचा जास्त राग आला, आणि मी दर रविवारी फोन करायचे त्या फोनवर आम्ही नेमकं काय बोलत होतो कोण जाणे.

दुपारी मी सगळं नव्याने केलं, आणि या वेळी प्रत्येक गोष्ट आप्पांना खाली येऊन विचारून. लॅपटॉप नव्हता, म्हणून मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढायचा, खाली येऊन दाखवायचा, वर जायचं. एकवीस पायऱ्या. आधी दोन्ही लाल नियम काढले. माझे सगळे हिरवेही काढले. मग नेटवर्कचा प्रकार: विंडोज आमच्या घरच्या वायफायला 'पब्लिक' समजत होतं, म्हणजे बसस्टँडवरचं असावं तसं. ते 'प्रायव्हेट' केलं. आप्पांनी विचारलं, प्रायव्हेट म्हणजे फक्त आपण? म्हटलं नाही, त्यात काकूंकडचे सगळेही येतात, कॉम्प्युटरला घर कुठे संपतं ते कळत नाही. "मग त्याला सांग," आप्पा म्हणाले.

ते सांगता येतं. प्रत्येक नियमात 'स्कोप' नावाचा एक कप्पा असतो, तो बहुतेक लोक उघडतच नाहीत. तिथे लिहिता येतं की या दाराने फक्त अमुक अमुक पत्त्यावरूनच यावं. मी ५००१ साठी एक नियम केला, १९०० साठी एक, आणि दोन्हींच्या स्कोपमध्ये दोनच पत्ते लिहिले: स्पीकरचा आणि आईच्या मोबाइलचा. लागलं. पहिल्या फटक्यात आजीचा आवाज आला. आप्पांनी नुसता हात वर केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. आमच्याकडे ती जातेच. आली तेव्हा पुन्हा यादी रिकामी. राउटर बंद होऊन चालू झाला की ज्याला त्याला पत्ते नव्याने वाटतो, आणि स्पीकरचा ४० नंबर आता काकूंच्या मोठ्या नातवाच्या मोबाइलकडे गेला होता. म्हणजे माझ्या नियमाप्रमाणे आमच्या घरात यायची परवानगी होती ती त्याला, स्पीकरला नव्हती. राउटरमध्ये जाऊन स्पीकरला आणि आईच्या मोबाइलला त्यांचे पत्ते कायमचे लावून दिले. मोबाइलला लावताना आणखी एक गंमत: अँड्रॉइड १० पासूनचे फोन वायफायला आपला खरा ओळखनंबर सांगत नाहीत, बनावट सांगतात. त्या वायफायपुरतं ते बंद करावं लागलं. हे करून लाइटचा मेन स्विच मुद्दाम दोनदा पाडून बघितला. फ्रीज दचकला, आई ओरडली, आजी लागली.

संध्याकाळी काकू पुन्हा आल्या. या वेळी चपला काढून. आप्पांना वाटलं भांडायला आल्या. त्या आईजवळ बसल्या, शेंगा सोलायला घेतल्या आणि बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ते टीव्हीवरलं आता दिसत न्हाई."

आम्ही त्यांना खाली ओसरीतच १७ नंबर लावून दिली. त्यांना सुरुवात नको होती. मधली एक ओवी हवी होती, बी बाजूला, जिथे कोणीतरी दाण्याची मूठ जात्यात टाकतं आणि घरघर एकदम जड होते. त्यांच्या सासूबाईंची ओवी आहे. पहाटे कोणाच्याही आधी उठून पाण्याला जाणाऱ्या सुनेचं कौतुक आहे त्यात. सुनेच्या आधी एक शब्द आहे, 'धाकटी' किंवा 'थोरली', आणि नेमका तोच शब्द त्या मुठीखाली गेला आहे. काकू धाकट्या. १९८७ साली त्यांच्या लग्नाला वर्ष झालं होतं. सासूबाई पुढे नऊ वर्षं जगल्या, पण तोंडावर कधी बरं बोलल्या नाहीत असं काकू म्हणतात.

"पाणी मीच भरायची," काकू म्हणाल्या. "पण त्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी होते दोन महिने. तेव्हा थोरल्या बाईंनी भरलं असंल."

पुन्हा लावलं. आई म्हणाली, धाकटीच म्हणतायत, स्पष्ट आहे. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. ते म्हणाले, मला तर थोरली ऐकू आलं. आई त्यांच्याकडे बघायला लागली तसे म्हणाले, "जे ऐकू आलं ते सांगितलं."

रात्री मी ऑडॅसिटीत तेवढा तुकडा घेऊन घरघर काढायचा प्रयत्न केला. त्यात सोय असते, नुसत्या घरघरीचा नमुना दाखवायचा आणि बाकीच्यातून ती पुसून घ्यायची. पण जातं आणि बाईचा आवाज एकमेकांत इतके मिसळलेले होते की घरघर गेली तसा आवाजही विहिरीतून आल्यासारखा झाला, आणि शब्द होता त्याहून दूर गेला. तो प्रयोग मी पुसून टाकला, मूळ फाइल तशीच ठेवली.

सकाळी आप्पांना विचारलं, काकूंचा टीव्ही स्कोपमध्ये घालू का? त्यांनी आधी वही मागवली. यादी वाचून घेतली, बोटाने एकेक ओळ. नऊ, बावीस आणि एकतीस दुसऱ्या फोल्डरात टाकायला सांगितल्या. त्यात काय आहे ते मी विचारलं नाही, ऐकलेलंही नाही. बाकीच्या असू देत म्हणाले. मी टीव्हीचा पत्ता राउटरमध्ये बांधून घेतला आणि दोन्ही नियमांत तिसरा पत्ता लिहिला.

पुण्याला निघायच्या दिवशी काकू रिक्षापर्यंत आल्या. डब्यात धपाटे होते. म्हणाल्या, ती एक कॅसेट त्या रोज लावतात, स्वयंपाक करताना, आता सवयीने जात्याच्या त्या जागी हात थांबतो. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आमच्या थोरल्या जाऊबाई दिवाळीला येणार हैत जालन्याहून. त्यांच्या मोबाइलला तुमचा पासवर्ड हाय. त्यांना दिसत न्हाई ना ते?"

म्हटलं, नाही दिसत.

"नका दिसू देऊ," काकू म्हणाल्या.